चपटी वेलांटी

वहिनी : अहो, 'पाणी' एवढंच लिहायचंय ना? मग आधी शिरोरेषा कशाला आखत बसलाय? तोवर मी नळावर जाऊन चार वेळा परत येईन.

(दादाच्या खालच्या दोन अक्कलदाढा काल काढल्या. बोलायला बंदी आहे. त्याला जे म्हणायचं ते तो मांडीवरच्या पाटीवर खडूने लिहितो.)

दादा : पाणी. गार.

वहिनी : वर अक्षरांना सावलीसुद्धा दिलीत! धन्य आहे. घ्या, हळूहळू घोट घ्या. स्ट्रॉ मिळणार नाही. ओढलं की जखम उघडते, असं डॉक्टरीणबाईंनी तीन-तीनदा बजावलंय.

दादा : बोलू का?

वहिनी : नाही.

दादा : त्या म्हणाल्या कमी बोला. बंद नाही म्हणाल्या.

वहिनी : कमी म्हणजे किती, ते तुम्हाला या जन्मात कळायचं नाही. म्हणून मी बंदच केलं. काल रिक्षातून उतरता उतरता शेजारच्या काकांना सगळी कहाणी सांगायला लागलात. तोंडात कापसाचा बोळा, जीभ बधिर, आणि शर्टभर रक्त. काका बिचारे कठडा धरून खाली बसले.

दादा : त्यांनीच विचारलं.

वहिनी : त्यांनी 'काय, बरंय ना?' एवढंच विचारलं होतं. त्याला मान हलवली तरी भागतं.

दादा : मान दुखत होती.

वहिनी : बर्फ लावा गालाला. डावीकडे. डावीकडे म्हटलं ना, तो उजवा. दोन्ही सुजलेत म्हणा, पण डावा जरा जास्तच. आरशात बघू नका, उगाच नाराज व्हाल. वीस मिनिटं झाली की मी सांगते. आज शाळेच्या ऑफिसातून रजा घेतलीय ती तुमच्यावर लक्ष ठेवायला.

दादा : धाकटा कुठाय?

वहिनी : येतीलच भाऊजी. सकाळी येऊन आपल्या बोर्डांच्या दुकानाची किल्ली घेऊन गेले. तुम्ही घोरत होतात.

दादा : बोर्ड!!

वहिनी : दोन दोन उद्गारचिन्हं नकोत, एकानेही ऐकू येतं. कुठला बोर्ड?

दादा : शिलाईवाल्या बाईंचा. उद्या सकाळी दुकान उघडतायत. पत्रा कोरा पडलाय.

वहिनी : मग उद्या कोऱ्या पत्र्याखाली उघडतील. गिऱ्हाइकं कपडे घेऊन येतात, पाटी वाचायला नाही.

दादा : पहिलंच दुकान त्यांचं. मी शब्द दिलाय. तासाभरात लिहून येतो.

वहिनी : तीन दिवस वाकायचं नाही म्हणून सांगितलंय. वाकलं की ठणका मारणार. आणि तुम्ही तिथे जमिनीवर पत्रा पसरून त्यावर ओणवे होणार. बसा गपगुमान.

दादा : चप्पल कुठाय?

वहिनी : डावी लपवलीय. उजवी दारात आहे, तेवढी घालून जायचं तर जा.

धाकटा : वहिनी, आत येऊ ना? आइस्क्रीम आणलंय. साधंच आहे, दाणेबिणे काही नाहीत त्यात. जागा आहे का दादा?

वहिनी : जागा आहे आणि चप्पल शोधतोय. या भाऊजी, बरं झालं आलात. जरा समजवा याला... यांना. बघा, रागात मी नवऱ्यालाही अरेतुरे करायला लागले.

दादा : बोर्डाचं काय?

धाकटा : बोर्ड ना? तो... लागला.

वहिनी : ऐकलंत? लागला. झालं ना समाधान? आता उशीला टेका.

दादा : कोणी लिहिला?

धाकटा : आधी आइस्क्रीम खा ना. वितळतंय बघ.

दादा : कोणी लिहिला.

वहिनी : सांगून टाका भाऊजी. त्या टिंबापायी खडू मोडला.

धाकटा : मी.

वहिनी : तुम्ही?

धाकटा : म्हणजे, अक्षरंही मीच काढली. रंगही मीच भरला.

वहिनी : अहो, उठू नका! बसा. डोळे एवढे मोठे केले की टाके ताणतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत, पण मी म्हणते.

दादा : कोणाला विचारून?

धाकटा : आता हे काय, दादा! तूच तर दिलास काल.

दादा : काय दिलं?

धाकटा : दवाखान्यातून निघालो तेव्हा तू खिशातून तुझा ब्रश काढलास. तो बारीक, लांब केसांचा. माझ्या हातात ठेवलास आणि माझी मूठ मिटलीस. वर खांद्यावर थोपटलंस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, दादा. चौदा वर्षांत तू मला त्या ब्रशाला बोट लावू दिलं नव्हतंस. मला वाटलं, आता... तू...

दादा : आठवत नाही. गुंगी होती.

वहिनी : मला आठवतंय. मी शेजारीच होते. अहो, काम अर्धवट टाकून तुम्ही तसेच दवाखान्यात आलात, रंगाचा ब्रश खिशात घालून. खिसा नुसता लाल. कंपाउंडर घाबरला, म्हणाला, अजून आत नेलं नाही तर रक्त कुठून आलं?

दादा : आता आठवलं. धुवायला दिला होता. रंग वाळला की केस कामातून जातात.

धाकटा : धुवायला?

दादा : रॉकेलमध्ये.

धाकटा : आणि डोळ्यांतलं पाणी?

दादा : दाढ.

वहिनी : आणि खांद्यावर थोपटलंत ते?

दादा : तोल जात होता.

वहिनी : अगं बाई! भाऊजी, मी हसत नाहीये हां. मला ठसका लागलाय.

धाकटा : मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, वहिनी. तिने सासऱ्यांना फोन लावला. सासऱ्यांनी माझं अभिनंदन केलं. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

वहिनी : अरे देवा.

दादा : बोर्ड उतरव. मी लिहितो.

धाकटा : नाही.

वहिनी : भाऊजी...

धाकटा : नाही उतरवणार. ब्रश धुवायला दिला होतास ना? धुतला. स्वच्छ करून, केस सरळ करून ठेवलाय तुझ्या डब्यात. पण बोर्ड नाही उतरवणार. चौदा वर्षं तू अक्षराची कड काढतोस आणि मी आत रंग भरतो. सगळ्या बाजारात असं एक दुकान नाही ज्याच्यावर माझ्या हातचा रंग नाही. आणि माझ्या हातचं एक अक्षर नाही! चौतीस वर्षांचा झालो मी. लोक विचारतात, तुम्ही काय करता? मी म्हणतो, दादा लिहितो. अरे, हे काय उत्तर झालं? तो मशीनवर बोर्ड छापणारा मला दोनदा बोलावून गेला. तुझ्यासोबत काम करायला आवडतं म्हणून गेलो नाही. तुला मला अक्षर द्यायचंच नसेल तर आज सांगून टाक. जातो तिकडे. तिथे निदान कोणाचंच अक्षर नसतं.

वहिनी : एवढं तुम्ही चौदा वर्षांत एकदाही बोलला नव्हतात.

धाकटा : फट कुठे मिळते, वहिनी? हा कधी गप्प होता?

वहिनी : ते मात्र खरं हो. मलाही लग्नानंतरचं पहिलं वाक्य पुरं करायला दुसरं वर्ष उजाडलं. अहो, काय लिहिताय एवढं? दाखवा. पुसलंत? बाहीने? धुतलेली बाही ती!

दादा : फोटो काढलास?

धाकटा : काढलाय. बघ. नीट बघ. वर मोठ्ठं 'शिलाई', खाली 'कपड्यांची दुरुस्ती'. शिडीवर चढून मीच लावला. बाई येऊन बघतच राहिल्या. काय म्हणाल्या माहितेय? 'दादांची तब्येत बरी नव्हती ना? मग येऊन लिहून कधी गेले?' ओळखताच आलं नाही त्यांना! तुझी वेलांटी जशीच्या तशी. वरून चपटी, मग टोपी दाबून बसवल्यासारखी एकदम खाली. अख्ख्या बाजारात ती तू एकटा काढतोस. दोन वर्षं तुझ्या बोर्डांखाली उभं राहून शिकलोय ती. तीन आहेत इथे, मोज.

वहिनी : बघू मला. खरंच की! हे तुमचंच म्हणून मीही शपथेवर सांगितलं असतं.

दादा : वाईट आहे.

धाकटा : काय?

दादा : तिन्ही वाईट.

धाकटा : तुझ्या वेलांटीत आणि या वेलांटीत एक फरक दाखव. एक.

दादा : नाही. तेच वाईट.

धाकटा : बघितलंत, वहिनी? तसंच काढलं तरी वाईट! मग मी काय करायचं?

वहिनी : थांबा भाऊजी, चिडू नका. अहो, आता सांगा त्यांना. आज नाही तर कधी सांगणार? हे काय, नुसतं 'तू' लिहून माझ्याकडे बोट? बरं, मीच सांगते. तुम्ही लिहायला बसलात तर संध्याकाळ होईल. भाऊजी, तुम्ही दुकानात यायच्या आधीचं आहे. तुम्ही बाहेरगावी शिकत होतात. आमच्या लग्नाला दुसरं वर्ष. हे शिडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. यांनी दहाव्या दिवशी कात्रीने कापलं आणि गेले कामावर. माझीच शिवणाची कात्री, अजून नीट चालत नाही ती. हाड जुळलं, पण तिरकं. मनगट पुरतं वळेना. बाकी सगळी अक्षरं जमायची, वेलांटी काही केल्या गोल येईना. रोज घरी येऊन याच पाटीवर गिरवायचे आणि पुसायचे. मी चहा घेऊन आले की पाटी पालथी घालायचे.

धाकटा : मग?

वहिनी : मग काय! एकदा तशीच चपटी वेलांटी बोर्डावर गेली. गिऱ्हाईक म्हणालं, वा, काय नवीन वळण काढलंत! दुसऱ्याने तीच मागितली. झाली यांची खासियत. वाटेत शाबासकी मिळाली, यांनी ती खिशात घातली आणि तोंड मिटून बसले. इतर सगळ्या बाबतीत तोंड चालू, एवढ्याच एका बाबतीत बंद.

धाकटा : दादा, खरं?

दादा : ते वळण नाही. दुखणं आहे.

धाकटा : अरे, पण मी दोन वर्षं मनगट मुद्दाम आखडून काढतोय ती! रात्री तेल चोळते बायको. तिला सांगायचो, अगं, मोठी कला आहे, दुखणारच.

वहिनी : अरे देवा! तेल!

दादा : हसवू नका. टाके.

धाकटा : आता हसतोयस? माझ्या मनगटाची वाट लावून?

दादा : अयाई गं.

वहिनी : हेसुद्धा लिहून कळवायची काय गरज होती? चेहऱ्यावर दिसतंय सगळं. बर्फ लावा. भाऊजी, तुम्हीही हसू नका, तुम्ही हसलात की हे हसतात.

दादा : माझं मनगट मोडकं. तुझं धड आहे. धड मनगटाने मोडकी वेलांटी कशाला?

धाकटा : मला काय माहीत? मला वाटलं, तुझ्यासारखं जमलं की तू मला लिहू देशील.

वहिनी : आता का थांबलात? लिहा की. खडू नुसता फिरवू नका.

दादा : मीच चुकलो. लाज वाटायची. तुला लिहू दिलं असतं तर गोल वेलांटी शेजारी आली असती. माझी उघडी पडली असती.

वहिनी : हे पुसायचं नाही! आणा ती पाटी इकडे. भाऊजी, फोटो काढा आधी. हे असं काही पुन्हा लिहिणार नाहीत.

धाकटा : राहू दे, वहिनी. वाचलं मी.

दादा : बोर्ड राहू दे. ओळ सरळ आहे. अक्षरांतलं अंतर माझ्यापेक्षा बरं.

धाकटा : खरंच?

दादा : 'दु' जरा बुटका.

वहिनी : चला, सूज उतरायला लागली म्हणायची. खोड काढता येतेय.

धाकटा : बुटका आहेच तो. शिडीवरून दिसला मला. पण तोवर वाळला होता.

दादा : परवा शाळेचं फाटक आहे. मोठी अक्षरं.

धाकटा : ते मी सांगितलंय त्यांना, आठवडाभर थांबा म्हणून. तू बरा झालास की करू.

दादा : थांबायला नको. तू लिही.

धाकटा : दादा, आता परत गुंगीत नाहीस ना? वहिनी, गोळी कितीला दिली होती?

वहिनी : सकाळी आठला. पूर्ण शुद्धीत आहेत, मी साक्षीला आहे.

दादा : तू लिही. मी खुर्चीत बसून रंग भरतो.

वहिनी : खुर्चीत बसूनही वाकायचं नाही. परवाचं परवा बघू. आइस्क्रीमचं आता सरबत झालंय, ते प्या दोघं.

धाकटा : दादा, फाटकावर तुझीच वेलांटी काढू ना? लोकांना तीच माहीत आहे. दुसरी काढली तर विचारतील.

दादा : तुझी काढ.

धाकटा : पण माझी कशी असते, तेच मला माहीत नाही.

दादा : मलाही नाही. बघायचीय.