गायिका पाहिजे, आवाज मोठा हवा

…नाही नाही, चपला राहू देत, फक्त हळू चाल — बाळ आत्ताच झोपलंय. बस. त्या खुर्चीवर नको, ती करकरते. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? चालेलच, मघापासून करतेच आहे. चहा घे, निवतोय. हो, जाहिरात मीच दिली होती — ‘बँडसाठी गायिका पाहिजे, आवाज मोठा हवा.’ सध्या कोण गातं? मीच. गाणी कुणाची? तीही माझीच. स्वतःच्या जागेवर बसवायला स्वतःच माणूस शोधणारी बहुधा मी पहिलीच — पण घाबरू नकोस, बँडमधली माणसं चांगली आहेत, मी सोडून.

हे कपाट बघ. हसू नकोस — हसलीस तरी हळू हस. सगळी गाणी या कपाटात रेकॉर्ड केलीत. कोट आणि रजया यांच्यामध्ये बसलं की आवाज घुमत नाही, आणि मुख्य म्हणजे बाळ उठत नाही. ते उठू नये म्हणून इतकं हळू गायचे की माइकलाच माझी दया यावी. एकदा सासूबाईंनी दार उघडलं. मी आत, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. म्हणाल्या, “अगं, रडायचंच असेल तर बाहेर बसून रड, आत माझे चांगले कपडे आहेत.” नेटवर गाणी टाकताना एकटीचं नाव द्यायची लाज वाटली, म्हणून लिहून टाकलं ‘आमचा बँड’. आमचा! म्हणजे मी आणि रजई. आणि लोकांना चक्क आवडलं — काय हळुवार गायकी, काय संयम! संयम कसला डोंबलाचा, पाळणा हाताच्या अंतरावर होता.

मग एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं, बँड घेऊन या म्हणे. आता बँड आणायचा कुठून? बेस गिटारवाला मिळाला लसीकरणाच्या रांगेत — त्याची मुलगी आणि माझं बाळ एकाच सुरात रडत होती, त्यावरून ओळख. ड्रमवाला एरवी लोकांना गाडी शिकवतो, त्यामुळे वाजवता वाजवता मध्येच ब्रेक मारतो. पण काय वाजवतात गं दोघं! तीच माझी कपाटातली गाणी, पण शाळेतून आलेल्या पोरांसारखी घरभर धुडगूस घालायला लागली. फक्त एक झालं — मी ऐकूच येईना. ड्रमवर टॉवेल टाकला, मग उशी टाकली. शेवटी ड्रमवाला म्हणाला, “ताई, गायला सुरुवात केलीत की जरा हात वर करत जा.” सगळे हसले. मीही हसले — हसताना बरा निघतो माझा आवाज. आणि घरी येऊन जाहिरात दिली.

कार्यक्रम या शनिवारी आहे. तुला जमेल ना? दुसरं गाणं ऐकलंयस? त्यात शेवटी ओळ आहे, ‘मी अजून इथंच आहे’. रेकॉर्डिंगमध्ये ती मी कुजबुजत म्हटलीय, पण तशी म्हणू नकोस हं. लिहिली तेव्हा माझ्या डोक्यात ती आरोळीच होती. पोटातून यायला हवी, म्हणजे कशी — नाही, तशी नाही — थांब, दाखवतेच — मी अजूऽऽन इथंऽऽच आहेऽऽ!

अगं बाई. हलू नकोस. श्वाससुद्धा घेऊ नकोस.

…नाही उठलं. बघ ना, कूससुद्धा बदलली नाही. शेजारचा कुत्रा भुंकतोय, समोरच्यांनी खिडकी उघडून पाहिलं, आणि हा पठ्ठ्या घोरतोय. बेसवाल्याची मुलगी तर तालमीत ड्रमच्या शेजारीच झोपते, मी दर वेळी बघते, आणि तरी मी आपली याचंच नाव पुढे करून — जाऊ दे. तुला काय सांगत बसलेय मी.

चहा झाला ना? नाही गं, तू छानच गात असशील. असशील म्हणजे — तुला एक ओळही म्हणू दिली नाही मी, कळतंय मला. बाकीच्यांना मी सांगते काय ते. ये हं, जिन्यात दिवा नाही, सांभाळून उतर. आणि जाताना दार ओढून घे, जोरात ओढल्याशिवाय लागत नाही ते. अगं, आणखी जोरात — काही होत नाही.