दगडाची राजकन्या

खोपटच्या एसटी डेपोत, रांगेत माझ्यापुढे एक कोळीणबाई रिकामी पाटी घेऊन उभ्या होत्या. दप्तर सांभाळत एक शाळकरी मुलगी धावत येऊन त्यांना चिकटली.

"दगडामावशी, रविवारी आला नाहीत? आपल्या कार्टूनचा शेवटचा भाग होता!"

"पुतन्याची हलद होती गो. नायतर मासली बाजूला ठेवून तुमचे दारात बसलीच असती. सांग, त्या दगडाचे राजकन्येचा काय झाला?"

"माणूस झाली."

"कशी?"

"झाली. लगेच नावं सुरू झाली, मग बातम्या."

"असा कसा? तू मधला गाळतेस."

"मी नाही, त्यांनीच गाळलं! इतके रविवार ती दगड, आणि शेवटी एका मिनिटात उरकलं. तिला दगड करणारी तर तिची आईच निघाली."

"आयेनं? कशाला?"

"तेच सांगितलं नाही. बाबा म्हणाले, दुष्ट असेल."

"दुष्ट नसंल गो. माजे आयेची पोरां जगत नव्हती. म्हनून माजा नाव दगडा ठेवला. मरनाला वाटावा, दगडच हाय, नेऊन काय करू?"

"म्हणजे हे तुमचं खरं नाव नाही?"

"मोठी झालीस का चांगला नाव ठेवीन, बोललेली आये."

"कुठलं?"

"ता इचारायचा रायला गो. मी लहान होती, तवाच ती गेली."

"दगडामावशी, चला ना. रांग पुढे गेली."