वंश चांगला आहे

नारायण पेठेतल्या दवाखान्यात श्यामसुंदर खोकला दाखवायला बसले होते. शेजारी एक सासू-सून होत्या. श्यामसुंदरांनी पेपर तोंडासमोर धरला होता, कान मात्र तिकडेच होते.

“तनया, डॉक्टरांनी विचारलं काय करतेस, तर ते डुकरांचं सांगू नकोस हं.”

“अहो आई, माझं संशोधनच ते आहे. डुकरिणीच्या अंगातलं एक हार्मोन जास्त अंडी पिकू देत नाही. आमची लस त्या हार्मोनला अडवते, मग पिल्लं जास्त होतात.”

“डुकरिणींची केवढी काळजी! आणि स्वतःच्या घरात चार वर्षं पाळणा हलत नाही.”

“लस टोचण्याआधी आम्ही नरही तपासून घेतो. सलिलला तपासणीचं म्हटलं, तर तो रुसून बसला.”

“त्याला कशाला तपासायचं? आमच्या घराण्यात असलं काही नाही.”

“डुकरांचे मालकही हेच सांगतात. वंश चांगला आहे म्हणतात.”

श्यामसुंदरांचा नंबर पुकारला गेला. “तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही,” त्यांनी मागच्या गृहस्थांना सांगितलं.

सासूबाईंनी पर्समधून मोबाईल काढला.

“सलिल, मीटिंग सोड आणि दवाखान्यात ये. तनया ठणठणीत आहे रे. तुलाच तपासायचंय.”