वैतागाची गोळी

हसा तुम्ही, गोळी मला गिळावी लागते.

मुलाने मला नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे नेलं. मी खुर्चीत बसतो न बसतो तोच तो म्हणाला, "डॉक्टर साहब, बाबा को गुस्सा बहुत आता है."

मी म्हटलं, "राग काहून सांगतोस? मला वैताग येतो. मी बोललो की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, त्याचा वैताग."

डॉक्टरने मुलाला विचारलं, "क्या कह रहे हैं?"

"वही, गुस्सा."

हिंदी मलाही येते, पण वैतागाला हिंदी शब्द सापडेना. मुलालाच म्हटलं, "अरे, राग असता तर तुला एक ठेवून दिली असती. संताप असता तर घर सोडलं असतं. मी नुसता वैतागून राहिलो."

मुलगा डॉक्टरकडे वळला. "देखिए, अभी भी."

डॉक्टरने लगेच गोळी लिहिली.

तुमच्या वहिनीला हे कधी समजवावं लागलं नाही. मी वैतागलो की ती चहा ठेवायची, रागावलो की समोरून उठून जायची. ती गेली. आता घरात माणसं चार आणि शब्द एक.

गोळीने मी दिवसभर पेंगतो. परवा मुलगा फोनवर कोणाला तरी कौतुकाने सांगत होता, "अब बाबा एकदम शांत हैं."

तेव्हा मात्र मला खरा राग आला. पण खाटेवरून उठवलं नाही.