यादीतलं तिसावं नाव

आपण सगळे आलात. सभागृह भरलंय, मागे लोक उभेही आहेत. प्रमोदला इतक्या माणसांची सवय नव्हती. मलाही माइकसमोर उभं राहायची नाही. शनिवार पेठेतला माणूस, टोमणा मारायला सांगा, लगेच मारतो. पण आज बोलणं जड जातंय आणि त्याचं कारण फक्त दुःख नाही. ते कारण सांगायलाच मी उभा आहे.

आत येताना दारातला फ्लेक्स पाहिलात ना? प्रमोद देवगडे यांना भावपूर्ण श्रद्धांजली. खाली 'शोकाकुल' आणि मग नावं. आमच्या जुन्या कंपनीतल्या झाडून सगळ्यांची. मी उभ्यानं वाचली. कुणाचंही राहिलेलं नाही. जागा कमी पडली असं कुणीही म्हणालेलं नाही. छान.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रमोद पाणी करायचा. सिनेमात पूर येतो, धरण फुटतं, जहाज बुडतं, ते पाणी खरं नसतं. ते गणित असतं. लाखो थेंबांना सांगावं लागतं की बाबा रे, तुझं वजन इतकं, शेजाऱ्यानं ढकललं तर इतकं सरक. हे सांगणारा प्रोग्राम प्रमोदनं लिहिला. एकट्यानं. त्याच्या बरोबरीची सगळी मुलं तेव्हा अमेरिकेला निघाली होती, बँकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करायला. हा खडकीच्या क्वार्टरमधून सायकलवर आमच्या स्टुडिओत यायचा. लोक विचारायचे, अरे, कार्टून काढतोस का? हा म्हणायचा, हो.

धरणातून पाणी सोडलं की आपण काय करतो? नदीपात्रात लावलेली गाडी काढायला धावतो. प्रमोद वही घेऊन धावायचा. पुलाच्या खांबामागे पाणी कसं वळतं ते बघत तासन्‌तास उभा. एकदा हवालदारानं हटकलं, "काय हो, जीव द्यायचाय का?" हा म्हणाला, "नाही, पाणी कसं वळतं ते बघतोय." हवालदार म्हणाला, "मग घरी नळ सोडून बघा की." मी शेजारीच होतो. पोट धरून हसलो. प्रमोदनं मात्र घरी जाऊन खरंच नळ सोडून बघितला. आणि दुसऱ्या दिवशी मला गंभीरपणे सांगितलं, "हवालदाराचं बरोबर होतं. बादलीतही तसंच वळतं."

असा माणूस.

मग तो मोठा परदेशी सिनेमा आला. त्यातला पूर आमच्याकडे आला. पुराचे सगळे शॉट प्रमोदच्या प्रोग्रामवर झाले. एक थेंबही दुसऱ्या कुणाचा नव्हता. शेवटी तिकडून निरोप आला, सिनेमाच्या शेवटी झळकायला तुमच्या कंपनीची तीस नावं पाठवा. मी सुपरवायझर. यादी मी करायची.

साहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसलात, एवढा मोठा हार घेऊन आलात, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "नावं कलाकारांची द्या. प्रोग्रामर म्हणजे सपोर्ट. त्यानं शॉट कुठे केलाय?" आमच्याकडे हिशेबच तसा होता. ज्यानं शॉट केला त्याचं नाव. ज्याच्यामुळे सगळे शॉट झाले, त्यानं एकही केलेला नव्हता. तुमच्या भाच्यानं मात्र एक केला होता, असं तुम्हीच सांगितलंत.

पण सगळं साहेबांवर ढकलून मी खाली बसणार नाही. ते फार सोपं आहे. एकोणतीस नावं झाली होती. एक जागा उरली होती. साहेब केबिनमध्ये निघून गेले होते. कुणी तपासणार नव्हतं. मी तिथे प्रमोदचं नाव लिहू शकत होतो. मी माझं लिहिलं.

आणि प्रमोदला सांगितलं नाही.

तो सिनेमा लागला तेव्हा तो बाबांना घेऊन आला. बाबा, तुम्ही समोर बसलात. तुमच्याकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, जमत नाहीये. तुम्ही चंद्रपूरहून येऊन आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात राबलात. मुलगा काय काम करतो हे तुम्हाला शेजाऱ्यांना सांगता येत नव्हतं. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. मी तुमच्या मागच्या रांगेत होतो, बायको-मुलीबरोबर. सिनेमा संपला, लोक उठले, नावं सुरू झाली. माझं नाव आलं. बायकोनं टाळ्या वाजवल्या. नावं संपली. दिवे लागले. झाडूवाले आले. तुम्ही बसून होतात.

मग तुम्ही विचारलंत, "कुठं गेलं बापा तुझं नाव?"

प्रमोद म्हणाला, "येऊन गेलं बाबा. भराभर जातात. चष्मा जुना झालाय तुमचा."

बाहेर आल्यावर त्यानं मला नुसतं विचारलं, "तिकडच्या लोकांनी कापलं का रे?" मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "असू दे. पाणी दिसलं ना चांगलं?"

पुढे कंपनी परदेशी माणसांनी घेतली. प्रोग्राम ठेवला, प्रमोदला नाही. प्रोग्रामला नवं नाव दिलं. तो लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवायला लागला. गेल्या आठवड्यात तिथेच वर्गात फळ्यासमोर कोसळला. तो प्रोग्राम आजही चालतो. आजही कुठे ना कुठे पूर आणतो.

एक गोष्ट त्यानं मला बऱ्याच वर्षांनी सांगितली, हसत हसत. बाबांनी नवा चष्मा केला. कुणालाही न सांगता एकटेच तो सिनेमा पुन्हा बघायला गेले. शेवटपर्यंत बसले. घरी आले आणि म्हणाले, "दिसलं बरं का बापा."

तो हसला. मी हसलो नाही. खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता? "असू दे" म्हणाला असता. तेच मला नको होतं.

बाबा, तुमचा चष्मा पहिलाही बरोबर होता. नाव नव्हतंच. ते कुणी परदेशी माणसानं कापलं नव्हतं. मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा सिनेमा बघितलात तेव्हा तुम्हाला ते कळलं असणार, तरी तुम्ही मुलासाठी दिसलं म्हणालात. माफी मागायची हिंमत नाही. फक्त हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

आता श्रद्धांजली. आपल्याकडे उभं राहायची पद्धत आहे. माझी विनंती आहे, आज उभे राहू नका. जे मागे उभे आहेत त्यांनीही जमेल तिथे खाली बसा. सिनेमा संपला, नावं सुरू झाली, की आपण लगेच उठतो. आज उठायचं नाही. दिवे मी बंद करायला सांगितलेत. मी एकच नाव वाचणार आहे. ते वाचून झालं की बाबा उठेपर्यंत आपण सगळे बसून राहू.

प्रमोद देवगडे. पाणी.