दिग्याचे तीन खून

मालवणीत गँगस्टर रॅप पहिल्यांदा म्हटलं ते आमच्या दिग्याने, यावर मी आजही पैज लावतो. म्हणजे मारामारीच्या बढाया तालावर म्हणायच्या. तेव्हा वेंगुर्ल्यात हा प्रकार कोणालाच ठाऊक नव्हता. जेटीवरच्या सत्यनारायणाला दिग्या काळा गॉगल लावून स्टेजवर चढला आणि माइकवर गरजला, "तिगांक मारलंय, वाळूत गाडलंय!"

बंदोबस्ताचे हवालदार घाटावरचे, नवीन. त्यांनी दिग्याला थेट चौकीत नेलं. मागोमाग आम्ही सगळे.

"कोण ते तिघे? नावं सांग!"

"कोण नाय, सायबानू. यमक जुळता म्हणान लिवलंय."

"यमकासाठी तीन खून?"

तेवढ्यात दिग्याची आई धावत आली. "सायबानू, ह्यो खून करतलो? घरात कोंबो कापूचो असलो तर ह्यो माडाखाली जाऊन रडत बसता!"

हवालदारांना हसू आवरेना. दाराशी जमलेली अख्खी जेटी खिदळायला लागली.

"जा रे घरी," हवालदार म्हणाले.

दिग्याने एकदा बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"सायबानू, निदान सकाळपर्यंत तरी माका आत ठेवा!"