चमचेवाली

घाबरू नका हो, भिंतीत काही नाही — आई आहे पलीकडे. बसा. त्या पँटी उचला, खाली ठेवा, आणि बसा. चेहरा बघा केवढासा झालाय तुमचा! ठकठक ऐकली आणि पर्स छातीशी धरलीत. सिनेमा बघितलाय ना? वाटलंच. हल्ली सगळे असेच दचकतात. परवा एक दांडगा गडी आला होता झिप बदलायला, हे एवढे दंड — आईने तिकडे ठोकलं आणि हा इकडे स्टुलावरून उठलाच की! म्हणतो, मावशी, तुमच्याकडे पण? आमच्याकडे पण म्हणजे काय रे बाबा? आमच्याकडेच. आमच्याकडूनच तर गेलंय सगळं.

थांबा हं. मशीन चालू करते आणि मग बोलू. नाही नाही, कामाची घाई नाहीये — मध्ये ही नुसती प्लायची भिंत आहे. इकडे शिंक दिली तरी तिकडे ऐकू जाते. झटक्यात तिचा एक हात गेला, एक पाय गेला, जीभ गेली, कान मात्र असे तिखट राहिलेत की काय सांगू! म्हणून आमची ही पद्धतच पडलीये — तिला कळू द्यायचं नसेल ते मशीन चालू असतानाच बोलायचं. डॉक्टर येतात ना, त्यांनाही मी इथेच बसवते आणि पाय मारत राहते. त्यांना वाटतं बाई फार कामसू आहे. हं, आता बोला. जरा पुढे सरका.

हो, कळलं मला तुम्ही कशाला आलात ते. दारातूनच सांगितलंत की मोठ्यांदा! वाचक मंडळाकडून आलेय, लेखकाच्या मातोश्रींचा सत्कार करायचाय, नंतर त्यांच्याच शेजारी बसून सगळ्यांनी सिनेमा बघायचाय. ऐकलं तिने. तेव्हापासून चमच्याने ठोकतेय, थांबायचं नाव नाही. एकदा ठोकलं म्हणजे हो. दोनदा म्हणजे पाणी. तीनदा म्हणजे कुशीवर वळव. आणि हे असं न थांबता म्हणजे — मला जायचंय, मला जायचंय, मला जायचंय. काय करून ठेवलंत तुम्ही, तुम्हाला कल्पना आहे का? आता हिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ येणार आहेत.

कुणी पाठवलं, धाकट्याने? तोच म्हणाला असेल, ताईला विचारा, ताई नाही म्हणणार नाही. बरोबर ओळखतो मला. जन्मभर मी कधी नाही म्हटलं नाही, म्हणून तर साहेब लेखक झाले.

हे काय आणलंय? पुस्तिका? 'वाचकांच्या मनातून'. वा. चकचकीत आहे हो कागद. बघू दे — पाय चालू ठेवते, काळजी करू नका, डोळे मिटून शिवू शकते मी. 'चमचेवाली म्हातारी हे या लेखकाचं सर्वांत भयंकर पात्र.' बरं. 'रात्री स्वयंपाकघरात चमचा पडला तरी अंगावर काटा येतो.' येऊ दे. 'म्हातारीच्या तोंडातून गळणाऱ्या लाळेचं वर्णन वाचून जेवण गेलं नाही — लेखकाच्या निरीक्षणशक्तीला सलाम.' शी! शी शी शी. सलाम म्हणे. अहो, ती लाळ पुसायला कधी बोट उचललं नाही त्याने. ते दार दिसतंय ना, तिथे खुर्ची टाकून बसायचा, नाकाला रुमाल लावून. मी म्हणायचे, आत ये, तिचा हात धर, बरं वाटेल तिला. तर म्हणायचा, मला बघवत नाही गं ताई. बघवत नव्हतं म्हणे! एकूण एक बघितलंन. तिच्या ओठाचा डावा कोपरा कसा ओघळतो, पाठीची जखम चिघळली की पावडरच्या वासाखालून तो दुसरा वास कसा येतो, सूप पाजताना घशात कसला आवाज होतो. रुमाल नाकाला होता, डोळ्यांना नव्हता.

आणि लोकांनी मिटक्या मारत वाचलं! मला त्याच्यापेक्षा तुमचीच जास्त किळस येते, राग मानू नका. मानलात तरी चालेल. हे एक काढलंन ना पुस्तक — पहिलं नाही, हे तिसरं की चौथं त्याचं — तेव्हापासून माझ्या गिऱ्हाइकांना दुसरा विषय नाही. मी कमरेचं माप घेतेय आणि वरून चर्चा चाललीये. कुणी म्हणतं, पुस्तक भारी, सिनेमात नुसता मेकअप फासलाय. कुणी म्हणतं, छे, पुस्तक रटाळ आहे, अर्धं होईपर्यंत म्हातारी पलंगावरून उतरतच नाही! उतरत नाही! त्यांना तिने उतरायला हवंय. मी उतरवायचं म्हटलं तर शेजारणीला हाक मारावी लागते. आणि ती मोबाइलवरची मालिका — ती म्हणे तिसरी तऱ्हा, त्यात म्हातारी तरुणपणी कशी होती तेही दाखवलंय, कुणाकुणाला भिंतीत चिणलं ते. सिनेमात तर पालीसारखी भिंत चढते, चमचा दातात धरून. थिएटरात शिट्ट्या पडल्या म्हणे. तुम्ही पण वाजवलीत का? नाही ना? मग ओरडला असाल. एकच ते.

आणि हे बघा, हे वाचा, माझ्याबद्दलही आहे. 'मुलीचं पात्र अनावश्यक वाटतं. ती कथेत काहीच करत नाही, फक्त चादरी बदलते.' — अनावश्यक! — चष्मा पुसून पुन्हा वाचते, अनावश्यकच लिहिलंय. अहो मी नसते तर त्या तुमच्या लाडक्या म्हातारीला कुशीवर कोण वळवणार होतं, लेखक? चौथ्या दिवशी गेली असती ती, मग बसा कुणाला घाबरायचं ते शोधत! फक्त चादरी बदलते म्हणे. ओली चादर माणसाखालून, माणूस न उचलता, एकटीने काढून दाखवा मला. सिनेमावाल्यांनी तर मला काढूनच टाकलं. सुटले. सगळ्या सिनेमात आई आणि भिंत, बस्स, मी कुठेच नाही.

थांबा, दोरा तुटला.

तुम्ही मला विचारलंत की आईंनी वाचलंय का. वाचलंय. म्हणजे — ऐकलंय. पुस्तक घेऊन आला होता ना तो, सोनेरी कागदात बांधून, तिच्या छातीवर ठेवलं, फोटो काढला आणि गेला. पहिल्या पानावर छापलंय, 'आईस, जिच्याकडून मला भय कळलं.' ती ओळ तिला वाचून दाखवली तर चमचा असा नाचवलान हवेत! तिला वाटलं, काय लेकराने मान दिलाय. तेवढ्यावर भागलं असतं, पण ठोकायला लागली. वाच. पुढे वाच. माझ्या लेकाचं पुस्तक मला वाचून दाखव. मी पान उलटलं — आणि पहिल्याच ओळीत हीच खोली. हाच पलंग. ही प्लायची भिंत, तिचा तो खालचा फुगलेला कोपरासुद्धा. म्हातारी सडक्या फळासारखी पडलीये असं लिहिलंय. सडक्या फळासारखी! आणि ती माझ्याकडे बघतेय, डोळे चमकवत.

काय वाचणार होते मी? तुम्ही काय वाचलं असतंत?

मी म्हटलं, एक होती शिलाईवाली. तिचे कान इतके तिखट होते की गावात कुठे लेकरू रडलं तरी तिला कळायचं. — सुचलं तसं. डोळे पानावर, बोट ओळीवर, आणि तोंडाने भलतंच. रोज संध्याकाळी काम आवरलं की एकेक पान उलटायचं आणि एकेक गोष्ट रचायची. वादळात वाट चुकलेली माणसं तिच्या ठोकण्याच्या आवाजावर घरी येतात. आजारी पोर तिचा आवाज ऐकून झोपतं. मला कुठे येतंय लिहायला-बिहायला, पण पुस्तक जाड, संपता संपेना! संपलं एकदाचं, तर पुन्हा पहिल्यापासून वाच म्हणे. आता आली का पंचाईत? मी काय सांगितलं होतं ते मलाच आठवेना, तिला मात्र सगळं पाठ. जरा इकडचं तिकडे झालं की ठोकते, चुकलीस, असं नव्हतं. हसू नका. मला आता पाठ आहे ते. त्याच्या पुस्तकापेक्षा बरं आहे, मी सांगते तुम्हाला, आणि ऐकणारी एकटी तीच.

आता तुम्हीच सांगा, हिला मी सिनेमाला नेऊ? पुढच्या रांगेत, हार घालून? आणि समोर ते ध्यान भिंत चढतंय, सगळं थिएटर किंचाळतंय, शी, मारा तिला, मारा — तिथे लोक मारा मारा ओरडतात, माहितीये मला — आणि ती शेजारी बसून काय समजणार? की तिच्या राजाला ती अशी दिसते? राजा म्हणायची त्याला, जीभ होती तोवर. लाज नाही वाटली त्याला? स्वतःच्या आईचं भूत केलंन! जिवंत आईचं! जिने —

तुम्हाला ते ठोकण्याचं माहितीये कुठून आलं? पुस्तकात नाही ते. अंधाराला घाबरायचा तो. एवढा मोठा भुताखेतांचा लेखक — मुतायचा गादीत अंधाराला भिऊन! आई इथे बसायची, याच मशीनवर, आणि तो पलीकडे, आता ती झोपते तिथे. झोप यायची नाही, रडायचा. तर ही काम करता करता अंगुस्तानाने भिंतीवर ठोकायची. हे बघा, हे, बोटात घालायचं टोपण, तिचंच आहे, मी वापरते आता. एकदा ठोकलं म्हणजे मी आहे रे. तो तिकडून ठोकायचा. मग ही पुन्हा. असं तो झोपेपर्यंत. कितीदा मी जागी असायचे, माझ्यासाठी नव्हतं ते, पण मलाही बरं वाटायचं. झटका आल्यावर तिने पहिल्यांदा चमचा उचलून भिंतीवर मारला ना, तेव्हा तो दारातच बसला होता. त्याला कळलं होतं. चांगलं कळलं होतं ती काय म्हणतेय ते. आणि तेच उचललं या नालायकाने, त्याच आवाजाचं भूत केलं आणि विकलं. सांगा जाऊन तुमच्या मंडळाला. लिहा पुढच्या पुस्तिकेत! म्हणावं त्या म्हातारीला सडकं फळ म्हणणाऱ्याला तिने आयुष्यभर —

काय? काय झालं? बोट कुठे दाखवताय?

मशीन.

दोरा तुटला होता ना. मी ओवलाच नाही, पायही थांबलेला. बोलतच बसले. केव्हा तुटला हो? काय बोलत होते मी तेव्हा? — पुस्तकाचं सांगायच्या आधी का नंतर? आठवा ना, तुम्ही तर ऐकत होतात! आधी. आधीच तुटला.

आणि ठोकणं कधी थांबलं?

बसा तिथेच, उठू नका. दारातला पडदा जरा बाजूला करून बघते. — जागी आहे. डोळे उघडे आहेत. भिंतीकडे बघतेय. चमचा उशाशी ठेवलाय. पडला नाहीये, ठेवलाय, नीट, जेवण झाल्यावर ठेवतात तसा.

आई? अगं, या बाईंना सिनेमाची गोष्ट सांगत होते मी. सिनेमाची. ते सिनेमावाले काहीही करतात, पुस्तकात तसं नाहीये काही, तुला माहितीये ना पुस्तकात काय आहे ते? वाचलंय की आपण. संध्याकाळी पुन्हा वाचू. आई, पाणी हवंय? कुशीवर वळवू?

हे बघ, मी इथून ठोकते. अंगुस्तानाने. ऐकू आलं ना? मी आहे. मी आहे गं. ठोक ना एकदा.

तुम्ही जा आता. ती पुस्तिका घेऊन जा आधी. धाकट्याला काही सांगू नका — नाहीतर सांगा, काय सांगायचं ते सांगा, जा. आणि दार ओढू नका मागे, आवाज होतो. मला ऐकू द्या.